कंट्रोल रूमचा मोठा पडदा : अंधेरीत काय पाहिले, घरी येऊन काय ठरले

मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत "कंट्रोल रूमसाठी मोठे डिस्प्ले स्क्रीन खरेदी करणे" हा विषय वाचून झाला, तेव्हा मंडपाच्या मागल्या अंगाने कोणीतरी ओरडले, "टीव्ही बघायला कारखाना काढलाय व्हय?" बराच हशा झाला, हे सभासद बंधू-भगिनींना आठवत असेलच. ओरडणारा मीच होतो, हे मात्र थोड्यांनाच माहीत आहे. मा. चेअरमनसाहेबांच्या नजरेतून ते सुटले नव्हते. त्यांनी विषय पुढच्या सभेवर ठेवला, तिघांची समिती नेमली आणि समितीत चीफ इंजिनिअरसाहेब, इन्स्ट्रुमेंट विभागाचे इन्चार्ज यांच्या जोडीला तिसरे नाव माझे घातले. "ज्यानं विचारलंय त्यालाच मुंबईला पाठवा, येऊन तोच सांगेल," असे म्हणून ते पुढच्या विषयाकडे वळले. तेव्हा हे सांगणे मला भाग आहे.

ज्या सभासदांनी कंट्रोल रूम आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पूर्वी मिलवरचा माणूस मिलजवळ, बॉयलरवरचा बॉयलरजवळ, पॅनवाला पॅनजवळ उभा असे आणि आपापल्या घड्याळाचा काटा पाही. काही विचारायचे तर भोंगा, नाहीतर पळत जाणारे पोरगे. आता मिलचा वेग, बॉयलरचे प्रेशर, ड्रममधील पाण्याची पातळी, टर्बाइन, रसाचा प्रवाह, व्हॅक्यूम असे शेकडो आकडे तारांनी एका वातानुकूलित खोलीत येतात. तिथे दोन ऑपरेटर संगणकासमोर बसून कारखाना चालवतात. सोय मोठी झाली यात वाद नाही. पण संगणकाच्या काचेवर एका वेळी एकच पान उघडते. मिलचे पान पुढे असले की बॉयलरचे मागे जाते, जसे पोथीत एक पान उलगडले की बाकीची मिटलेलीच राहतात.

याच पानाच्या खेळात मागच्या हंगामात आपले कंबरडे मोडले. फेब्रुवारीतली रात्र, तिसरी पाळी. तीन नंबर मिलच्या एका बेअरिंगचे तापमान हळूहळू चढत होते. चढतानाचा आकडा संगणकात होता, पण तो सातव्या पानावर. ऑपरेटर त्या वेळी बॉयलरच्या पानावर होता, कारण ओल्या बगॅसमुळे प्रेशर खालीवर होत होते. अलार्मही वाजला. पण त्या रात्री अलार्म इतके वाजत होते की हा एक त्यांच्याखाली बुडाला. बेअरिंग जाम झाले, मिल थांबली आणि दुसऱ्या दिवशी रात्र होईपर्यंत गाळप बंद राहिले. यार्डातल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग पार हायवेला लागली. त्या रांगेत माझ्याही दोन ट्रॉल्या होत्या. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की त्याचे काय होते हे सभासदांना मी सांगायला नको. वजन घटते, उतारा घटतो, आणि टोळीचा मुकादम वर तोंड करून विचारतो, "पाटील, आज तोड करायची का न्हाय?" ऑपरेटरला दोष देऊन अनेकजण मोकळे झाले. मीही दिला. आता देत नाही. का, ते पुढे येईल.

तर असे आम्ही तिघे महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो, पहाटे दादरला उतरलो आणि लोकलने घाटकोपरला गेलो. तेथून मेट्रो. घाटकोपर ते वर्सोवा ही मुंबईतली पहिली मेट्रो, ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली. ११.४ किलोमीटर लांबी आणि १२ स्टेशने. जागृतीनगर, असल्फा, साकीनाका करीत मरोळ नाक्याला उतरलो, तिथे जमिनीखालच्या दुसऱ्या मेट्रोत बसून एमआयडीसी अंधेरीला वर आलो. एमआयडीसी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पत्र्याचे शेड आणि लेथ मशिनचा आवाज येतो. इथे काचेच्या इमारती आणि गळ्यात पट्टा घातलेली पोरेपोरी.

या भागात मोठे पडदे विकणाऱ्यांची ऑफिसे आहेत. मुंबईच्या उपनगरांत गिऱ्हाईकही तसेच मोठे. नुसत्या मेट्रोचेच पाहा ना. आम्ही ज्या गाडीने आलो तिचे कंट्रोल सेंटर याच लाइनवर अंधेरी पश्चिमेला डी. एन. नगरच्या डेपोत आहे. दहिसर-अंधेरीच्या दोन नव्या लाइनींचा, म्हणजे २-अ आणि ७ चा, कारभार चारकोपच्या डेपोतून चालतो. तिथे आत जायला परवानगी मिळण्यासारखी नव्हती आणि आम्ही मागितलीही नाही. पण एक गोष्ट वाटेतच इन्चार्जसाहेबांनी ध्यानात आणून दिली. मेट्रोची लाइन म्हणजे खरोखरीच एक लाइन. बारा स्टेशने डावीकडून उजवीकडे काढली आणि गाड्या त्यावर ठिपक्यासारख्या फिरवल्या की पडदा आपोआप बोलतो. "आपलंही तसंच की," ते म्हणाले. "डावीकडे केन कॅरिअर, उजवीकडे साखरेचं पोतं. मध्ये सगळा कारखाना." हे वाक्य पुढे फार उपयोगी पडले.

पहिल्या शोरूममध्ये शिरल्याबरोबर भिंतभर पोपट दिसला. लाल, निळा, पिवळा. एकेक पीस मोजून घ्यावे असा. पोपट गेला, धबधबा आला. धबधब्यामागून समुद्रातले मासे. पडदा दाखवणारा तरुण मोठा हुशार आणि नम्र होता, चहा पाजून त्याने माहितीपत्रके हातात दिली. मी तर मनातल्या मनात खरेदी करून टाकली होती, हे कबूल केले पाहिजे. पण चीफसाहेबांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात आपल्याच कंट्रोल रूममधल्या पानांची चित्रे होती. "आता हे लावा," म्हणाले. इन्चार्जसाहेबांनी टेप काढून पडद्यापासून बरोबर ५ मीटर मोजले, फरशीवर चिकटपट्टी मारली आणि मला तिथे उभे केले. आपल्या खोलीत ऑपरेटरच्या खुर्चीपासून भिंत तेवढीच लांब आहे.

पान लागले. रंग छान, आकृती छान. "तीन नंबर मिलच्या बेअरिंगचा आकडा वाचा," साहेब म्हणाले. मी डोळे बारीक केले, चष्मा वर-खाली केला. वाचता येईना. आकडा दिसत होता, पण ६ आहे की ८ हे सांगता येत नव्हते. दोन पावले पुढे गेलो तेव्हा कुठे कळले. ज्या आकड्यापायी आपली मिल थांबली, तोच आकडा एवढ्या थोर पडद्यावर वाचता येईना! तो तरुणही जरासा गोंधळला. आजवर त्याला पोपटाच्या पिसांचा हिशेब कोणी विचारला नसावा.

याचा हिशेब सरळ आहे आणि तो प्रत्येक सभासदाने समजून घ्यावा असा आहे, कारण सगळी खरेदी त्यावर उभी आहे. लांबून अक्षर सुखाने वाचायचे तर त्याची उंची अंतराच्या साधारण १७० व्या हिश्श्याइतकी लागते. फारच काटकसर केली तर २१५ वा हिस्सा. ५ मीटर म्हणजे ५००० मिलिमीटर. त्याचा १७० वा हिस्सा २९ मिलिमीटर, २१५ वा हिस्सा २३. म्हणजे पाच मीटरवरून वाचायचा आकडा निदान एक इंच उंच हवा. आता आपले पान पाहा. ते टेबलावरच्या २४ इंची संगणकासाठी आखलेले. त्यातला आकडा १२ ठिपके उंच. टेबलावर तो सव्वातीन मिलिमीटरचा होतो आणि दीड-दोन फुटांवरून स्वच्छ दिसतो. तेच पान ५५ इंची पॅनेलवर लावले तर आकडा साडेसात मिलिमीटरचा. चार पॅनेल दोनावर दोन रचून, म्हणजे सुमारे आठ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच भिंत करून, तेच पान ताणले तर १५ मिलिमीटर. मी उभा होतो तो याच भिंतीपुढे. एक इंचाला अजून बराच अवकाश.

"मग नऊ पॅनेल घ्या साहेब," तरुण चटकन म्हणाला. नऊ पॅनेलांवर आकडा २३ मिलिमीटरच्या जवळ जातो, म्हणजे जेमतेम काठावर. हिशेब त्याचा चुकीचा नव्हता. पण इन्चार्जसाहेब म्हणाले, "नऊ कशाला? चारच ठेवू आणि आकडा दुप्पट मोठा करू." चोवीस ठिपक्यांचा आकडा चार पॅनेलांवर ३० मिलिमीटर भरतो. आकडा मोठा करायला पाच पॅनेलांचे पैसे लागत नाहीत. लागते ते एवढेच की पानावरचे निम्म्याहून अधिक आकडे काढून टाकायचे. आणि कोणते काढायचे हे शोरूममध्ये कळत नाही, ते तिसऱ्या पाळीच्या ऑपरेटरला कळते. माझ्या दृष्टीने मुंबईची खेप इथेच वसूल झाली.

पडद्यांच्या जातींविषयी आता थोडक्यात. जाती तीन. पहिली जुनी, क्यूबची. पेटीच्या आत प्रोजेक्टर आणि पुढे काच. वर्षानुवर्षे विजेच्या आणि रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये यांचेच राज्य होते. चित्र एका जागी महिनोन्महिने राहिले तरी डाग पडत नाही, हा मोठा गुण. पण पेटीला खोली लागते, आणि जुन्या पेट्यांतले दिवे ठराविक तासांनी बदलावे लागत. दुसरी जात एलसीडी पॅनेलची, आपल्या घरच्या टीव्हीच्या कुळातली पण चोवीस तास चालण्यासाठी बांधलेली. स्वस्तात स्वस्त हीच. हिचे दोन अवगुण. दोन पॅनेलांच्या मध्ये काळी रेघ राहते, साध्या मालात तीन-साडेतीन मिलिमीटरची, महागात एक मिलिमीटरच्या आत. आणि एकच चित्र दिवसरात्र राहिले तर त्याची सावली काचेवर उमटू लागते. तिसरी जात एलईडीची. लहान लहान दिव्यांच्या फरशा जोडून केलेली सलग भिंत. रेघ नाही, उजेड भरपूर. यात दोन दिव्यांमधले अंतर किती, यावर किंमत चढते. विक्रेता अर्थातच सर्वांत बारीक माल पुढे करतो. पण पाच मीटरवरून माणसाच्या डोळ्याला दीड मिलिमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसतच नाहीत. आपल्या खोलीसाठी ०.९ चा माल घेणे म्हणजे बैलगाडीला विमानाचे टायर लावणे होय.

घरचा मोठा टीव्ही आणून भिंतीवर ठोकावा, असे सभेत एकाने सुचवले होते. सूचना चांगल्या हेतूची होती, पण घरचा टीव्ही दिवसाला काही तास चालावा म्हणून केलेला असतो.

तासांवरून आणखी एक गंमत. "आमचा पडदा एक लाख तास चालतो," असे प्रत्येकजण सांगत होता. वर्षाचे तास ८७६०. मेट्रोसारख्या ठिकाणी, जिथे पडदा कधीच बंद होत नाही, तिथे एक लाख तास म्हणजे साडेअकरा वर्षे आणि ५० हजार तास म्हणजे सहा वर्षांच्या आत. त्यांना या आकड्याचे महत्त्व आहे. आपला हंगाम १२० दिवसांचा धरला तर वर्षाला होतात २८८० तास. ५० हजार तासांचा पडदाही हिशेबाने सतरा वर्षे चालेल. म्हणजे लाख तासांसाठी जादा पैसे मोजण्यात आपल्याला अर्थ नाही. आपला पडदा चालून मरणार नाही, तो पावसाळ्यात बंद पडून दमट हवेत मरेल. शिवाय वॉरंटी वर्षांत मोजतात, तासांत नव्हे, तेव्हा आपले आठ महिने त्यात फुकट जातात. हे मी बोलून दाखवले तेव्हा चीफसाहेब हसले. "तात्या, तुम्हाला समितीवर घेतलं ते बरं झालं."

रात्री मुक्काम घाटकोपरला भटवाडीत, माझ्या पुतण्याकडे. आपल्या भागातली बरीच कुटुंबे दोन-तीन पिढ्या तिथे आहेत. पुतण्या एका वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये नोकरीला आहे. जेवताना त्याला पोपटाची हकीकत सांगितली तर तो इतका हसला की सूनबाई आतून पाहायला आली.

"तात्या, आमच्याकडंबी भिंतभर पडदा हाय," तो म्हणाला. "पण नवीन माणूस आला की आम्ही त्याला एकच सांगतो. भिंत बघत बसायची नसते. काही बिघडलं की भिंतीनं तुझ्याकडं बघितलं पाहिजे." मला अर्थ लागला नाही. मग त्याने १२ ऑक्टोबर २०२० ची गोष्ट काढली. सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. कळवा आणि पडघ्याकडच्या मोठ्या वाहिन्यांवरचा बिघाड वाढत गेला, आणि अशा वेळी मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून तोडून वेगळी चालती ठेवणारी जी व्यवस्था होती तीही त्या दिवशी उपयोगी पडली नाही. कोरोनाचे दिवस, अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी चालणाऱ्या लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, सगळीकडे तीच कथा. दुपारपासून टप्प्याटप्प्याने पुरवठा सुरू झाला.

"त्या दिवशी भिंतीवर काय दिसत होतं?" मी विचारले.

"लाल," तो म्हणाला. "सगळंच लाल झालं तर लाल रंगाचा उपयोग काय? अशा वेळी एकच प्रश्न असतो तात्या, पहिलं कोण पडलं? एक पडलं म्हणून बाकीची पडली. त्यासाठी प्रत्येक गोष्टीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदवलेली लागते. पडदा घेताना तुम्ही इंच विचारताय. पहिलं कोण पडलं हे तुमची यंत्रणा दाखवती का, ते विचारा."

मी गप्प बसलो. आमच्या टिपणवहीत हा प्रश्नच नव्हता.

पडदा नसल्याने काय होते याचा जगातला मोठा दाखला अमेरिकेतला आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी तिथल्या ओहायो राज्यातल्या एका वीज कंपनीची अलार्म यंत्रणा दुपारी सव्वादोनच्या सुमारास बंद पडली, आणि ती बंद आहे हे ऑपरेटरांना तासाभराहून अधिक काळ उमगलेच नाही. एकेक वाहिनी पडत गेली आणि अखेर अमेरिका व कॅनडा मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. चौकशी अहवालात इतर कारणांबरोबर हेही नोंदले गेले की, सगळ्या वाहिन्या एका नजरेत दाखवणारा भिंतीवरचा नकाशा त्या खोलीत नव्हता, इतर अनेक ठिकाणी तो असतो. तेव्हा मोठा पडदा म्हणजे निव्वळ चैन, हे माझे सभेतले मत मला मागे घ्यावे लागते.

पण याला दुसरी बाजू आहे. त्याच अमेरिकेत २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात अपघात झाला. तिथे भिंतभर दिवे होते, उणीव दिव्यांची नव्हती. एक व्हॉल्व्ह उघडा अडकला होता आणि त्यातून पाणी चालले होते. पण पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्ह बंद असल्यासारखे दाखवीत होता. कारण तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. व्हॉल्व्हला बंद होण्याचा हुकूम गेला, एवढेच तो सांगत होता. हुकूम गेला आणि काम झाले यातला फरक शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. गड्याला "पाणी बंद कर" म्हणून सांगितले आणि आपण घरी येऊन झोपलो, तर सकाळी बांध फुटलेला सापडतो. आपल्या कारखान्यात असे किती व्हॉल्व्ह आहेत, असे मी परतीच्या गाडीत विचारले. इन्चार्जसाहेब खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "आहेत." ती यादी आता झाली आहे. लहान नाही.

अलार्मचेही तसेच. वेल्समध्ये मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला, त्याआधीच्या शेवटच्या सुमारे अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. माणसाने काय करावे? या धंद्यातले जाणते सांगतात की एका ऑपरेटरला दहा मिनिटांत सरासरी एक अलार्म, एवढेच नीट झेपते. आपल्या फेब्रुवारीच्या रात्रीची नोंद साहेबांनी काढून दाखवली तेव्हा पानेच्या पाने निघाली. त्यात "दरवाजा उघडा" हाही अलार्म आणि "बेअरिंग गरम" हाही अलार्म, दोन्हींचा आवाज एकच. म्हणून म्हणतो, त्या ऑपरेटरला मी आता दोष देत नाही. सभेत जे बोललो त्याबद्दल त्याच्या घरी जाऊन बोललो आहे.

घरी आल्यावर समितीने सर्वांत उपयोगी काम केले त्याला खर्च आला पुठ्ठ्याचा. चार पॅनेलांच्या मापाचा पुठ्ठा कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावला आणि तिन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांना सांगितले, तुम्हाला रात्री तीन वाजता जे दिसायला हवे ते यावर चिकटवा, आकडा इंचाहून लहान चालणार नाही. पहिल्या दिवशी पुठ्ठा गच्च भरला. मग भांडणे सुरू झाली, आणि भांडणातून एकेक कागद उतरत गेला. पॅनवाले सगळ्यांत जास्त भांडले. शेवटी जे राहिले ते असे: डावीकडे यार्ड आणि केन कॅरिअर, मग तासाचे गाळप, मिलचा वेग, बॉयलरचे प्रेशर व ड्रमची पातळी, वाफ, टर्बाइन आणि बाहेर दिलेली वीज, रसाचा प्रवाह, पीएच, सिरपचा ब्रिक्स, व्हॅक्यूम आणि उजव्या टोकाला साखरेची पोती. बेअरिंगचे आकडे पुठ्ठ्यावर नाहीत! मी चमकलोच. तेव्हा मिलच्या ऑपरेटरने समजावले. बेअरिंग ठीक असेपर्यंत त्याचा आकडा कशाला पाहिजे? मिलचे चित्र करडे ठेवा. बेअरिंग तापू लागले की तेवढीच मिल पिवळी होऊ द्या, आणि तेव्हाच आकडा येऊ द्या. सगळे शांत असताना भिंत करडी, फिकी, जवळजवळ कंटाळवाणी दिसली पाहिजे. पुतण्याचे वाक्य मला तेव्हा समजले.

एका संचालकसाहेबांचे म्हणणे वेगळे आहे, ते इथे नमूद करणे योग्य होईल. पाहुणे येतात, बँकेचे अधिकारी येतात, कंट्रोल रूम भपकेदार दिसली तर कारखान्याची पत वाढते, म्हणून नऊ पॅनेल घ्यावेत आणि मध्ये काच टाकून सज्जा करावा, असे ते म्हणतात. त्यांचा अनुभव मोठा आहे. मला मात्र हे पटत नाही. पाहुण्यांसाठी गेस्ट हाऊस आहे.

एका धोक्याकडे आमच्यापैकी कोणाचेच आधी लक्ष नव्हते, ते परत आल्यावर आपल्याच इलेक्ट्रिशियनने दाखवले. त्याने जुन्या पॅनेलातली तांब्याची एक पट्टी काढून आणली. ती काळी पडली होती. आपण रस स्वच्छ करायला गंधकाचा धूर वापरतो. तो धूर आणि सांडपाण्याकडून येणारा वास, दोन्ही तांब्याला व चांदीला खातात, आणि पडद्याच्या आत बारीक बारीक जोड असतात ते याच धातूंचे. त्यात बगॅसची भुकटी पंख्यात बसते ती वेगळीच. अंधेरीच्या काचेच्या इमारतीत जो पडदा दहा वर्षे हसत राहील, तो आपल्याकडे दोन हंगामांत आंधळा होऊ शकतो. त्यामुळे खोलीची दारे दुहेरी करणे, आत येणारी हवा गाळून घेणे आणि पावसाळ्यातही पडदा अधूनमधून चालू ठेवणे, हा खर्च पडद्याच्या खर्चातच धरला पाहिजे, असे समितीने लिहून दिले आहे.

समितीचा अहवाल संचालक मंडळाकडे गेला आहे. त्यातली शिफारस अशी: आधी अलार्मची साफसफाई आणि पानांची नवी आखणी, तीही बंद हंगामात. पडद्याचा क्रम त्यानंतर. चार एलसीडी पॅनेल घ्यावेत. एलईडीची सलग भिंत नक्कीच देखणी, पण आपली आकृती अशी आखता येते की काळी रेघ दोन विभागांच्या मधोमध पडेल, मग तिचा उपद्रव नाही. पाचवे पॅनेल त्याच खेपेतले सुटे घेऊन ठेवावे, कारण दोन वर्षांनी एक बिघडले तर बाजारातले नवे पॅनेल जुन्या तिघांच्या रंगाशी जुळत नाही, आणि कधीकधी ते मॉडेलच बंद झालेले असते. पहिले कोण पडले हे दाखवणारी वेळेची नोंद अटीत घालावी. आणि पैसे देण्यापूर्वी एक पॅनेल ऐन गाळपात आठ दिवस आपल्या खोलीत, आपल्या पानांसह लावून पाहावे. शोरूममधल्या एका विक्रेत्याने ही शेवटची अट मान्य केली, दुसऱ्याने कळवतो म्हटले.

चीफसाहेबांचे मत अजूनही एलईडीकडे झुकते, आणि तसे त्यांनी अहवालात स्वतंत्रपणे लिहिले आहे. निर्णय सभेने करावयाचा आहे.

पुठ्ठ्याचा पडदा अजून कंट्रोल रूमच्या भिंतीवर तसाच आहे. ज्या सभासदांना सभेपूर्वी तो पाहायचा असेल त्यांनी शेती ऑफिसात नाव नोंदवावे. एका वेळी पाचांहून अधिक माणसे आत सोडत नाहीत. फरशीवर पाच मीटरची खूण केलेली आहे, तिथे उभे राहून आकडे वाचून पाहावेत, चष्मा असल्यास सोबत आणावा आणि तंबाखू बाहेर ठेवून यावे.